तीन नाकांच्या देवाचा पंचनामा

नांदूरपेठ या तालुक्याच्या गावी गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बन्सीभाऊंच्या भावना दुखावल्या. भाऊ तेव्हा सलूनच्या खुर्चीत दाढी करून घेत होते, त्यामुळे घटनेला सलूनवाल्याच्या रूपानं एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उपलब्ध आहे. अर्ध्या गालाला फेस असताना मोबाईल वाजला. कुणीतरी एका सिनेमाचा ट्रेलर पाठवला होता. त्यात धुंबरदेव नावाचा तीन नाकांचा एक देव सिंहासनावर बसलेला दिसतो, तिन्ही नाकांनी एकदम शिंकतो आणि त्या शिंकेसरशी आठव्या पाताळाचं दार धाडकन उघडतं. भाऊ ताडकन उठले. "देव शिंकतो? आमचा देव?" असं ओरडून उरलेली दाढी तशीच ठेवून रस्त्यावर आले. पुढचे तीन दिवस त्यांनी एकाच गालानं निषेध केला, कारण मोर्चाच्या गडबडीत सलूनकडं फिरकायला सवडच झाली नाही.

सिनेमाचं नाव 'आठव्या पाताळाची किल्ली'. पाच खंडांच्या एका अद्भुत कादंबरीवरून काढलेला. ती कादंबरी नांदूरपेठेत कुणी हातातही धरली नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. सार्वजनिक वाचनालयात तिचा तिसरा खंड होता आणि ग्रंथपाल तो रोज सकाळ-संध्याकाळ हाताळत असत. दाराला टेकू द्यायला तेवढा जाड ग्रंथ वाचनालयात दुसरा नव्हता.

हा सिनेमा दुसऱ्याच दिवशी गावातल्या चांगुणा टॉकीजमध्ये लागायचा होता. एरवी कामात माशी शिंकते, इथं तर प्रत्यक्ष देवच शिंकला.

टॉकीजचे मालक अमृतशेठ. वय त्रेपन्न, बोलणं मऊ, शर्टाच्या खिशात कायम टॉर्च. टॉकीज वडिलांनी बांधली आणि तिला आईचं नाव दिलं. पण नगरला गार हवेची आणि मऊ खुर्च्यांची थेटरं झाल्यापासून चांगुणा टॉकीजमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त दिसू लागली. धाकटा भाऊ श्रीमंत निम्म्याचा मालक होता आणि त्याचं म्हणणं एकच होतं.

"दादा, सिनेमा आता लोकांच्या खिशात असतो. लगीन काय खिशात लागत न्हाई. टॉकीज पाडू नको, नुसत्या खुर्च्या काढ. झालं मंगल कार्यालय."

शेवटी आईच्या फोटोपुढं करार झाला. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते. तोवर या एका सिनेमानं टॉकीज भरली तर भरली. नाहीतर खुर्च्या बाहेर आणि मांडव आत. अमृतशेठना मंगल कार्यालयाचा तिटकारा होता असं नाही. पण अंधारात तीनशे माणसं एकाच वेळी श्वास रोखतात, तो आवाज त्यांना पुन्हा एकदा ऐकायचा होता. माणूस साधा, पण मागणी बघा किती अवघड!

शुक्रवारी बाराच्या खेळाला एकूण चार प्रेक्षक आले. दोन जोडपी होती आणि दोन्ही जोडप्यांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झाडलोट करणारी लंकाबाई तेवढी झाडू मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि शेवटपर्यंत बघत राहिली. ऑपरेटर नियाज बटण दाबून चहाला गेला होता. अमृतशेठ स्वतः आत बसणारच होते, तेवढ्यात बाहेर घोषणा ऐकू आल्या.

"सिनेमा बंद झालाच पाहिजे!"

बन्सीभाऊ मोर्चा घेऊन आले होते. अमृतशेठ हात जोडून पुढं झाले. "भाऊ, आत या, चहा घ्या. सिनेमा पाहिलात का?"

"पाहिला असता तर एवढ्या भावना दुखावल्या असत्या का?" भाऊ कडाडले. "शेठ, पाहिल्यावर माणसाच्या मनात इचार येतो. भावनेला इचार चालत न्हाई."

मोर्चा तहसील कार्यालयाकडे वळला. आपलं काय ठरतंय ते बघायला अमृतशेठही मोर्चाच्या मागोमाग चालत गेले आणि पोलिसांनी त्यांची मोजणी मोर्चेकऱ्यांत केली.

निवेदन घ्यायला नायब तहसीलदार राजनंदिनी मॅडम होत्या. परीक्षा पास होऊन नुकत्याच रुजू झालेल्या, तरुण, हुशार आणि नियमाला पक्क्या. गेला महिनाभर त्या पावसानं झोपवलेल्या सोयाबीनचे पंचनामे करत चिखलात फिरत होत्या. त्यांनी कपाट उघडलं. सरकारकडे अतिवृष्टीचा फॉर्म होता, गारपिटीचा होता, उसातल्या बिबट्यानं शेळी नेली तर तिचाही होता. भावनांचा मात्र नव्हता. तेव्हा मॅडमनी अतिवृष्टीचाच फॉर्म घेतला, 'पीक' हा शब्द खोडला, वर 'भावना' असं लिहिलं आणि बाजूला सही केली.

"भावना जिरायत की बागायत?"

भाऊंनी कार्यकर्त्यांकडे बघितलं. "बागायतच धरा, मॅडम. जिरायताला कोन इचारतंय?"

"नुकसान किती टक्के? तेहेतीसच्या आत असेल तर धरता येत नाही."

"शंभर टक्के!"

"शंभर टक्के म्हणजे भावना समूळ नष्ट," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग हा मोर्चा कशाच्या जोरावर काढलात?"

कार्यकर्त्यांत कुजबुज झाली. तडजोडीअंती पंच्याऐंशी टक्के ठरले. उरलेल्या पंधरा टक्क्यांत मोर्चा आणि बाकीचं सार्वजनिक जीवन भागवायचं होतं.

"आता पुढचा रकाना. देव कोणाच्या नावावर आहे?"

"म्हंजी?"

"भाऊ, शेजाऱ्याचं सोयाबीन वाहून गेलं तर तुमच्या नावानं पंचनामा होतो का? ज्याचं पीक त्याचंच नुकसान. हा धुंबरदेव कोणाचा?"

कुणालाच सांगता येईना. गावातल्या भटजींना फोन लावला. ते म्हणाले, तेहेतीस कोटींत बघून सांगतो, वेळ लागेल. शेठना शोधत आलेल्या नियाजला विचारलं, तो हात वर करून म्हणाला, "आमच्यात नाय बरं का!" एका कार्यकर्त्यानं मोबाईलवर शोधलं, तेव्हा धुंबरदेव हा कादंबरीकारानं आपल्या डोक्यातून काढलेला देव असून आठवं पाताळही त्यानंच खणलेलं आहे असं निष्पन्न झालं.

"म्हणजे देवाला देऊळ नाही, भक्त नाही, सातबारा नाही," मॅडमनी पेन बंद केलं. "अर्जदाराचा बाधित देवाशी संबंध सिद्ध होत नसल्याने अर्ज निकाली."

अमृतशेठच्या जिवात जीव आला. त्यांनी तहसीलच्या आवारातच सगळ्या मोर्चाला भेळ दिली. मोर्चानंही ती पंधरा टक्के भावनांनी खाल्ली.

पण बन्सीभाऊ नुसते भावनेचे नव्हते, ते नगरपालिकेच्या तिकिटाचेही इच्छुक होते. मागच्या खेपेला विरोधी गटाच्या भावना एका बिस्किटाच्या जाहिरातीनं दुखावल्या होत्या आणि त्या गटाचे सहा जण निवडून आले होते. एवढी जिवंत भावना हातची घालवणं भाऊंना परवडणारं नव्हतं. सोमवारी सकाळी ते दोन्ही गाल साफ करून तहसीलमध्ये हजर झाले.

"मॅडम, भक्त न्हाईत म्हनला ना? आमी झालो. तीनशे चाळीस लोक. लिहून घ्या."

"भक्त असल्याचा पुरावा?"

"काय लागंल?"

मॅडमनी विचार केला. "देवाचं दर्शन घेतल्याचा काहीतरी कागद."

आता धुंबरदेव हा देव अख्ख्या पंचक्रोशीत फक्त एकाच ठिकाणी दर्शन देत असे, चांगुणा टॉकीजच्या पडद्यावर, दिवसातून चार वेळा. आणि कागद म्हणाल तर तिकिटाचा अर्धा तुकडा. मंगळवारी सकाळी अमृतशेठनी शटर उघडलं तर रांग पार एस.टी. स्टँडपर्यंत गेलेली! त्यांना वाटलं रेशनचं दुकान हललं की काय.

"शेठ, हाऊसफुल!" नियाज ओरडत आला. 'हाऊसफुल'ची पाटी बारा वर्षांत लागली नव्हती. शोधता शोधता ती मागच्या अंगणात लंकाबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडली. अमृतशेठनी ती स्वतः धुतली, पुसली आणि दारावर लावली. श्रीमंत समोरच्या टपरीवर उभा राहून नुसता बघत होता. मांडववाल्याला त्यानं फोन करून सांगितलं, जरा थांब. अमृतशेठना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

फक्त एक घोडं पेंड खात होतं. देव दिसायचा बाविसाव्या मिनिटाला आणि शिंकायचा चोविसाव्या. दर्शन तर घ्यायचं, पण अपमान बघायचा नाही, असा पेच होता. भक्तांनी समिती नेमली आणि समितीनं तोडगा काढला. तेविसाव्या मिनिटाला नियाजनं घंटा वाजवायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे, शिंक झाली की दुसरी घंटा. पहिल्या खेळाला दोघा-तिघांनी डोळे लवकर उघडले आणि त्यांच्या भावनांचं नुकसान थेट ब्याण्णव टक्क्यांवर गेलं. दुसरी घंटा झाली की लोक तिकिटाचा तुकडा जपून खिशात घालायचे आणि उठून चालायला लागायचे. उरलेले दोन तास सिनेमा रिकाम्या खुर्च्यांना आणि लंकाबाईला दिसायचा.

अमृतशेठ दारात आडवे व्हायचे. "अहो, बसा ना! मध्यंतरानंतर तर खरी गोष्ट सुरू होते म्हणतात!"

"शेठ, भावना काय दोनदा दुखावून घ्यायच्या?" लोक म्हणायचे आणि कडेनं निघून जायचे.

टॉकीज भरत होती आणि सिनेमा कुणी बघत नव्हतं. हे सुख म्हणायचं की दुःख, अमृतशेठना ठरवता येईना. रोज ते ठरवायचे, आज आपण तरी आत बसू. पण तिकीट खिडकी, रांग, घंटा, चपलांची भांडणं यातच चारही खेळ निघून जायचे. हो, चपला. आठवड्याभरात भक्त टॉकीजच्या पायरीशी चपला काढू लागले होते.

मग शांतता समितीची बैठक लागली. गावात एवढी शांतता पाहून पोलीस ठाण्याला काळजी वाटू लागली होती. बैठकीला दोन्ही समाजांचे मान्यवर, चिवडा आणि राजनंदिनी मॅडम उपस्थित होत्या. ठाण्याच्या साहेबांनी आरंभीच विचारलं, "सिनेमा पूर्ण कोणी पाहिलाय?"

चिवडा चावल्याचा आवाज तेवढा येत राहिला. भाऊंनी छताकडे पाहिलं. मान्यवरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मोहल्ल्याचं काय म्हणणं?" साहेबांनी नियाजला विचारलं.

"साहेब, विचारलं मी. म्हणाले, देव आपला नाय, त्यामुळं वांधा नाय. पण एवढी मोठी शिंक देऊन तो, आमच्यात शिंकल्यावर म्हणतात तसं, अल्हम्दुलिल्लाह म्हणत नाय, ते दोन बुजुर्गांना जरा खटकलं."

मॅडमनी 'अंशतः बाधित, दोन' असं लिहिलं.

"एक बाई आहे, तिनं रोज पाहिलाय," अमृतशेठ धीर करून म्हणाले. लंकाबाईला बोलावणं गेलं. ती पदराला हात पुसत आली आणि खुर्ची असताना खाली बसली.

"बाई, सिनेमात काय आहे?"

"लई गरीब देव हाय हो त्यो," लंकाबाई म्हणाली. "आठव्या पाताळात एकलाच बसतो. आई हरवलीया त्याची, ल्हान असताना. तीन नाकं कशापायी? तर कुठून बी आईचा वास यावा म्हनून. मागून, हिकडून, तिकडून. लोकांला वाटतं नाकं हायती म्हंजी राक्षस. जो येतो त्यो धोंडा मारतो. आन ती शिंक? धा हजार वर्साची धूळ बसलीया हो त्या सिंहासनावर, कुनी झाडलंच न्हाई. शिंकंल न्हाई तर काय करंल? मला तर वाटतं आत जावं आन पैलं ते सिंहासन झाडून घ्यावं!"

साहेबांनी टोपी काढून ठेवली. बन्सीभाऊंनी रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. "पुढं? आई घावती का?"

"ते मी कशाला सांगू?" लंकाबाई उठली. "बघा की जाऊन. टॉकीज काय लांब हाय?"

अमृतशेठना वाटलं, जिंकलो! आता लोक बघणार. पण गावाचं मन सरळ रस्त्यानं कुठं जातं? साहेबांनी लंकाबाईचा जबाब सहा पानांत टाईप करून घेतला होता. त्याची झेरॉक्स रात्रीतून गावभर फिरली. ज्याला सहा पानांत सगळं मिळालं त्यानं अडीच तास कशाला बसावं? दोन दिवसांत त्या सहा पानांना कुणीतरी लाल कापड शिवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं वाचन सुरू झालं. पोलीस ठाण्याचा गोल शिक्का पहिल्या पानावर तसाच होता. वाचणारा आधी तो कपाळाला लावायचा, मग पान उलटायचा.

लोक आता दुखावून घ्यायला येईनासे झाले. हात जोडून यायला लागले. फरक एवढाच की नुकसान पंच्याऐंशी टक्केच राहिलं, कारण फॉर्मवर तो आकडा शाईनं लिहिलेला होता.

देवाला आवडतं काय, असा प्रश्न निघाला. धूळ झाली, शिंक झाली, म्हणजे तपकीर! बाजारपेठेतल्या एका दुकानात धूळ खात पडलेल्या तपकिरीच्या डब्या एका दिवसात संपल्या. प्रसाद म्हणून चिमूट-चिमूट मिळू लागली आणि आरतीच्या शेवटी तीनशे माणसं एकदम शिंकू लागली. ज्याला तीन शिंका लागोपाठ आल्या त्याचं काम झालं समजायचं. चौथी आली तर डॉक्टर. शाळेत मुलं परीक्षेआधी नाक हुळहुळवू लागली. एका स्थळाच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी शिंकली, तर वरपक्षानं जागेवर सुपारी फोडली. जिथं शिंकेला अपशकुन मानून लोक घरी परत फिरायचे, तिथं आता शिंकल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडेना. भाऊ तर भाषणाच्या सुरुवातीलाच शिंकायचे आणि टाळ्या घ्यायचे.

आरतीला दोन मिनिटं पुरेनात. म्हणून बाविसाव्या मिनिटाला, देव दिसला की, नियाजनं सिनेमा थांबवायचा असं ठरलं. पडद्यावर देव स्थिर. मग अर्ध्या तासाची आरती, मग पारायण, मग तपकीर. पुढं सिनेमा सुरू केला तर शिंक येणार, आणि आता तर भक्तच म्हणू लागले की देवाची ती शिंक खासगी आहे, चारचौघांत दाखवणं हा शुद्ध अपमान होय. मग आठवडाभरात पुढचा सिनेमा कायमचा बंद झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ, पडद्यावर एकच चित्र. तीन नाकं, दोन डोळे, आणि डोळ्यांत काहीतरी विचारायला निघालेलं.

"शेठ, मशीन तापतंय," नियाज म्हणाला. "आणि खरं सांगू का, मला कंटाळा आला. आता बटणसुद्धा दाबायचं नाय."

"थांब," अमृतशेठ म्हणाले. "तुळशीचं लग्न होऊ दे. करार पाळलाय आपण. टॉकीज भरलीय. मग हळूच पुढचा सिनेमा लावू."

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतशेठ पोचले तर दारात ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीत टॉकीजच्या खुर्च्या भरल्या जात होत्या.

"श्रीमंत! अरे करार काय ठरला होता आपला?"

"दादा, मी न्हाई काढत. करार मी मोडनार न्हाई," श्रीमंत कळवळून म्हणाला. "भक्त काढत्यात. देवापुढं खुर्चीत बसायचं, पाय पसरून? बरं दिसतं का ते?" त्याच्या गळ्यात उपरणं होतं. संस्थानाच्या अध्यक्षपदी कालच त्याची बिनविरोध निवड झाली होती आणि देवाच्या दारात लग्नं लावायची पहिली पाच मुहूर्तपत्रंही आली होती. दारावरची 'चांगुणा टॉकीज' ही पाटी उतरवून भिंतीशी ठेवली होती. तिच्या जागी 'श्री धुंबरदेव जागृत संस्थान' अशी नवी पाटी चढत होती. अमृतशेठना भक्तांनी आदरानं आद्य सेवेकरी हे पद दिलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. अमृतशेठच्या हाती ते खरोखरच दिलं गेलं, धूप घालून.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता देव वामकुक्षीला गेले, म्हणजे नियाजनं पडद्यापुढं पडदा ओढला. गाभारा, म्हणजे जुना बाल्कनीखालचा भाग, रिकामा झाला. अमृतशेठ आत उभे राहिले. फरशीवर खुर्च्यांच्या पायांच्या खुणा होत्या. त्यांना भडभडून आलं.

"नियाज," ते वर बघून म्हणाले, "महिना झाला. अख्ख्या गावाला मी हा सिनेमा विकला आणि मी स्वतः बघितला नाही. लाव."

"शेठ, शिंक येईल."

"येऊ दे."

नियाजनं पडदा सारला आणि सिनेमा पहिल्यापासून लावला. अमृतशेठ तिसऱ्या रांगेच्या खुणेवर फरशीवर बसले, लंकाबाई झाडू घेऊन पायरीवर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबून चहाला न जाता नियाजही येऊन शेजारी टेकला. बाविसावं मिनिट उलटलं तरी देव थांबला नाही; त्यानं डोळे मिटले, नाकं फुलवली आणि मोठ्या स्पीकरांतून अशी काही शिंक दिली की पत्र्यावरची कबुतरं उडून मार्केट यार्डापर्यंत गेली.

बाहेर गाव जागं झालं. "देव शिंकला! देव जागा झाला!" म्हणत निम्मे लोक लोटांगण घालत आले. उरलेल्या निम्म्यांना बन्सीभाऊंनी समजावलं, "अरे येड्यांनो, आत कुनीतरी सिनेमा बघतंय!" ते कळल्यावर जो हलकल्लोळ उठला, तो काय सांगावा! दार आतून बंद होतं आणि ते अमृतशेठनी उघडलं नाही. सिनेमा संपला, शेवटची नावं वर सरकून गेली, पडदा पांढरा झाला, तेव्हाच त्यांनी कडी काढली. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि चेहरा लहान मुलासारखा हसरा होता.

राजनंदिनी मॅडम फॉर्म घेऊन आल्या होत्या. सोबत पोलीस. गर्दी श्वास रोखून उभी राहिली. तीनशे माणसांचा तो आवाज अमृतशेठनी बरोबर ओळखला.

"आपण सदर चित्रपट पाहिलात?"

"पाहिला."

"पूर्ण?"

"शेवटी लाईटवाल्यांची नावं येतात ना, ती पण वाचली."

गर्दीतून एक बाई "अगं बाई!" म्हणाली. मॅडमनी पुढचा रकाना बघितला. "भावना दुखावल्या?"

"नाही, मॅडम. रडू आलं. मग हसू आलं. मग आईची आठवण आली."

मॅडम फॉर्म चाळत राहिल्या. या तिन्हींपैकी कशालाच रकाना नव्हता. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सापडते का हो आई त्याला?"

अमृतशेठ सांगायला लागले, तेवढ्यात भाऊंनी घोषणा सुरू केल्या आणि त्यांचे शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत. मग मॅडमनी शेरा लिहिला. संस्थानाच्या घटनेनुसार, सदर चित्रपट न पाहता ज्याने त्याविषयी आपले मत पक्के केले आहे, तो भक्त. अमृतशेठ, नियाज आणि लंकाबाई या व्याख्येत बसत नसल्याने त्यांना आवारात प्रवेश नाही. श्रीमंतनं मान खाली घालून सही केली. आईचं नाव असलेली पाटी काखेत मारून अमृतशेठ पायऱ्या उतरले. मागं लंकाबाई, तिच्या मागं नियाज. समोरच्या टपरीवर बसून तिघं संध्याकाळपर्यंत त्या सिनेमावर बोलत होते, मध्येच हसत होते, मध्येच डोळे पुसत होते. गावातली सगळी शहाणी माणसं त्यांच्याकडे कीव करून बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, काय हे लोक! एवढा सुंदर सिनेमा आणि बघितला नाही! थांबा. सुंदर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? पाहिलात का तुम्ही? लंकाबाईचं ऐकलंत, अमृतशेठचे लाल डोळे बघितलेत, आणि पक्कं ठरवून टाकलंत. तहसीलच्या फलकावर भक्तांची अंतिम यादी लागली आहे आणि तुम्ही व्याख्येत तंतोतंत बसता. नावाची खात्री करून घ्या. आरती सायंकाळी सात वाजता असते आणि तपकीर प्रत्येकाने आपापली आणायची आहे.